सहाशे मिलिमीटरचा फॅमिली फोटो

पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांच्या त्या मंडळात माणसाला नाव नसतं, लेन्स असते. चारशे मिलिमीटरची लेन्स असली की तो 'चारशे', पाचशेची असली की 'पाचशे', आणि मंडळाच्या प्रमुखाकडे आठशेची असल्यामुळे त्याच्यापुढे बाकीचे सगळे जरा दबूनच बोलत. आपल्या गोष्टीतला गृहस्थ गेल्या वर्षी 'सहाशे' झाला. त्याआधी तो कोण होता, हे मंडळात कुणाला आठवतही नाही. पाणीपट्टीच्या ऑफिसात खिडकीमागे बसायचा, मीटर जास्त पळतो म्हणून भांडायला आलेल्या लोकांना उद्या या म्हणून सांगायचा. पण सहाशे हातात आली आणि त्याची मान जी ताठ झाली ती झालीच. खिडकीपलीकडच्या माणसाकडेही तो हल्ली एक डोळा बारीक करून बघायचा.

ही लेन्स म्हणजे मांडीएवढी जाड नळी. उचलायला दोन हात लागतात, पेलायला तिपाई लागते आणि सहन करायला बायको लागते. ती घेण्यासाठी सहाशेने आपल्या सगळ्या छोट्या लेन्स विकून टाकल्या. "अहो, एखादी तरी ठेवा घरातल्यांसाठी," बायको म्हणाली होती. "घरात काय काढायचंय?" त्याने विचारलं. थट्टेने नाही हं, अगदी मनापासून विचारलं, कारण त्याला खरंच काही सुचत नव्हतं.

आता या लेन्सची गंमत अशी की लांब झुडपात बसलेला मुठीएवढा पक्षी ती असा जवळ आणते की पिसं मोजून घ्यावीत. पण सोफ्यावर बसलेल्या माणसावर रोखली तर तिला काहीच धड दिसत नाही. माणूस दिसायला हवा असेल तर आपण मागे जायचं. आणखी मागे जायचं. माणसं पाच असली तर घराबाहेर जायचं.

आणि त्या रविवारी माणसं नेमकी पाच होती.

परदेशात राहणारी ताई कित्येक वर्षांनी आली होती आणि दुपारीच परत निघणार होती. दुसऱ्या गावाहून धाकटा भाऊ तिला भेटायला आला होता. तिघं भावंडं एका छताखाली आलेली बघून आईचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. गुडघे कुरकुरत असूनही ती स्वयंपाकघर ते गॅलरी अशा फेऱ्या मारत होती. शेवटी ती खुर्चीत टेकली आणि म्हणाली, "मला दुसरं काही नको. तुम्ही तिघं माझ्याजवळ, असा एक फोटो हवा. मागचा काढला तेव्हा हा धाकटा माझ्या कडेवर होता. आता पुन्हा कधी जमाल, आणि जमाल तेव्हा मी असेन की नाही, कुणी सांगावं?"

"असं काय बोलतेस गं," ताई म्हणाली आणि डोळे पुसायला लागली. सहाशेच्या लेकीने लगेच मोबाइल काढला. "या सगळे, पटकन."

"थांब!" सहाशे ओरडला. "घरात सहाशे असताना मोबाइलवर? लोक काय म्हणतील? मोबाइलवर काढतात तो फोटो नव्हे, चाळा."

"मग तुमच्या त्या तोफेने काढणार आहात का?" बायकोने विचारलं.

"तिनेच काढणार. तुम्ही गॅलरीत उभे राहा. मी समोरच्या इमारतीच्या गच्चीवर जातो."

"अरे, पण तू त्यात कसा येणार?" आईने विचारलं. "मला तिघं हवेत."

"मला नंतर कॉम्प्युटरवर चिकटवतो, आई. कळणारसुद्धा नाही." मंडळात एकाने आकाशात ढग चिकटवला म्हणून त्याला वाळीत टाकायचा ठराव यानेच मांडला होता. पण ते पक्ष्यांचं झालं. घरच्या माणसांना एवढे कडक नियम नसतात.

मग काय विचारता! एका खांद्यावर तिपाई, दुसऱ्यावर लेन्सची पिशवी, अशी स्वारी निघाली. रुंद रस्ता ओलांडला, गाड्या उभ्या करायची मोकळी जागा ओलांडली, समोरच्या इमारतीच्या रखवालदाराची समजूत काढली आणि धापा टाकत गच्चीवर पोचली. तिथे कुणीतरी कपडे वाळत घातले होते आणि कुंड्या मांडल्या होत्या. त्याने तिपाई रोवली, लेकीला फोन लावला, फोन शर्टाच्या खिशात ठेवला आणि डोळा लावला. अहाहा! गॅलरी अशी समोर आली की आईच्या चष्म्यावरचा बोटाचा डागही दिसावा.

इथेच बटण दाबलं असतं तर गोष्ट संपली असती. पण हा पडला कलाकार.

"ताई, हनुवटी खाली. अगं, एवढी खाली नको. धाकट्या, पोट आत घे."

"घेतलंय रे दादा, हेच आत घेतलेलं आहे," खिशातून धाकट्याचा आवाज आला.

"आईच्या डोळ्यांत चमक येत नाही. डोळ्यात चमक नसली तर फोटो मेलेला दिसतो. आई, जरा उन्हाकडे बघ."

"त्यांना ऊन लागतंय, अहो," बायको कडाडली. "दाबा ते बटण आणि या घरी!"

"दोनच मिनिटं," सहाशे म्हणाला. आणि तेवढ्यात डाव्या हाताला, कुंडीमागून, बारीकसा आवाज आला. चुईच.

त्याच्या मानेवरचे केस उभे राहिले. हा आवाज त्याने मोबाइलवर रात्रंदिवस ऐकून ऐकून घरच्यांचं डोकं उठवलं होतं. पिवळ्या भुवईचा वटवट्या! अंगठ्यापेक्षा जरासा मोठा, पानात बसला तर पान वाटणारा, दरवर्षी कुठून कुठे जाताना चुकून या बाजूला येणारा. सगळ्या मंडळात तो फक्त आठशेला मिळाला होता, आणि तोही पाठमोरा. सहाशेने मान वळवली. कुंडीतून उडून ते चिमुकलं ध्यान कपड्यांच्या दोरीवर येऊन बसलं. भुवईसकट.

तो विचारात पडला, असं मी लिहिलं असतं, पण कशाला खोटं बोलू? तिपाईवरची लेन्स कधी वळली ते त्याचं त्यालाही कळलं नाही. गॅलरी गेली, आई गेली, ताई गेली, आणि काचेत फक्त ती पिवळी भुवई उरली. बोट बटणावर गेलं आणि कॅमेरा करकरायला लागला. फोन खिशात चालूच होता, हे तो साफ विसरला. सगळ्या छोट्या पक्ष्यांशी तो बाईमाणसाशी बोलावं तसं लाडाने बोलायचा, तसाच आताही बोलायला लागला.

"हलू नकोस हं. अस्सं. बघ ना इकडे, बघ ना जरा. अगं, काय गोड दिसतेस गं!"

तिकडे गॅलरीत पाचही जण श्वास रोखून उभे राहिले.

"अगंबाई! आज काय झालंय यांना?" बायकोचा आवाज खिशातून आला.

"तुला नाही, मला म्हणतोय तो," आई म्हणाली. "थांबा गं, माझे केस सारखे करू दे."

हे सगळं त्याच्या कानावर पडलं आणि तसंच खाली सांडलं. वटवट्याने मान वळवली, पंख झटकला, दोरीवर दोन उड्या मारल्या आणि सहाशेला त्याच्या आयुष्यातले सगळ्यात सुरेख फोटो देऊन तो उडून गेला.

मग याला घर आठवलं. लेन्स पुन्हा गॅलरीकडे वळवली, तर काचेत पाच पाठी.

"अरे, पाठ काय दाखवताय? तोंडं इकडे करा!" तो खिशाकडे बघून ओरडला. फोन केव्हाच बंद झाला होता. खाली ताईची गाडी येऊन भोंगा वाजवत होती, आणि लेकीने कठड्याकडे पाठ करून सगळ्यांना गोळा केलं होतं. तिचा हात लांब झाला होता, मोबाइल वर गेला होता, पाचही डोकी एकमेकांना चिकटली होती आणि याची लेन्स वळायच्या आतच फोटो निघालासुद्धा होता. काचेतून त्याला दिसलं की ताईने आईला मिठी मारली आहे आणि आईचा हात तिच्या पाठीवरून फिरतो आहे. तिच्या बोटांवरच्या शिरासुद्धा दिसत होत्या. त्याने घाईघाईने बटण दाबलं, तर कार्ड भरलेलं.

सामान आवरून, जिने उतरून, रस्ता ओलांडून तो दाराशी आला तेव्हा गाडी कोपऱ्यावर वळत होती. थोड्या वेळाने ताईचा फोन आला. "निघताना भेट राहिलीच की रे. असू दे. फोटो मात्र पाठव, छान आले असतील ना?"

याची बोबडी वळली. पण मंडळात एवढी वर्षं काढलेला माणूस, सबबींना काय तोटा? "हवा तापली होती गं," तो म्हणाला. "लांबून काढताना मधली हवा थरथरते. एकही धड आला नाही."

हीच सारवासारव त्याने घरात केली. धाकटा हसला, बायकोने कपाळाला हात लावला, आई म्हणाली, "असू दे, त्याने प्रयत्न तर केला." त्याचा जीव भांड्यात पडला. मग खोलीत जाऊन त्याने वटवट्याचा फोटो मंडळात पाठवला आणि वाहवाची वाट बघत बसला. आठशेचं उत्तर लगेच आलं. 'भुवई उत्तम. परंतु पक्षी कपड्यांच्या दोरीवर असून शेजारी चिमटा दिसतो. मानवनिर्मित वस्तूवरचा पक्षी मंडळ ग्राह्य धरत नाही.' त्याखाली चारशेने, पाचशेने आणि ज्याच्याकडे धड लेन्सही नाही अशा एकाने अंगठे दाखवले होते.

तो चरफडत बाहेर आला. आई गॅलरीत एकटीच बसली होती. लेकीने मघाचा फोटो आईच्या मोबाइलवर टाकून दिला होता आणि ती चष्मा कपाळावर सरकवून, मोबाइल नाकाशी धरून बघत होती.

"ये, बघ," ती म्हणाली. "सगळे आलेत."

"मी कुठे आलोय?" तो जरा फुरंगटूनच म्हणाला.

"आलास की. हा काय."

तिने दोन बोटांनी फोटो मोठा केला. ताईच्या कानामागे, रस्त्यापलीकडे, गच्चीवर एक वाकलेला ठिपका होता. तिने आणखी मोठा केला. कडा फाटल्या, चेहरा दिसेना, पण ठिपक्यासमोरची पांढरी नळी दिसली. आई तिच्यावर बोट ठेवून बराच वेळ बघत राहिली.

"आमच्याकडे धरली असतीस तर ही गोल दिसली असती, नाही का?" ती म्हणाली. "ही आडवी आहे रे."

सहाशेने तोंड उघडलं. हवा तापल्याचं पुन्हा सांगावं असं त्याच्या मनात आलं, पण जीभ वळेना. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. ऑफिसच्या खिडकीत रोज कुणाला ना कुणाला थाप मारणाऱ्या या माणसाला आईच्या त्या बोटापुढे उभंही राहवेना. इतकी लाज त्याला लहानपणी मार खाऊनही वाटली नव्हती.

"म्हणजे काय गोड दिसतेस म्हणालास, ते मला नव्हतं होय," आई म्हणाली. रागावली नव्हती ती. नुसती विचारत होती.

खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. आईने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि हात पुढे केला.

"बरं, दाखव तरी. कोण होती ती?"

त्याने कॅमेरा आणून तिच्या मांडीवर ठेवला. पिवळी भुवई, दोरी, चिमटा, डोळ्यातली चमक. आईने पडद्यावरून अंगठा फिरवला, मान तिरकी करून नीट बघितलं.

"आहे खरी गोड," ती म्हणाली.