पडद्यामागचा आवाज

"डोळे मिटा! पुढचा आवाज!" खेळ घेणारी मुलगी ओरडली.

ऑफिसात दर शुक्रवारी दुपारी तासभर सगळ्यांनी मिळून खेळायचं, असा नवा नियम निघाला होता. सगळे डोळे मिटून बसत. ती मुलगी ज्याच्या खांद्याला हात लावेल, त्याने गुपचूप पडद्यामागे जाऊन बोलायचं, पण कामाचं सोडून. बाकीच्यांनी ओळखायचं. ऑफिसच्या टेलिफोन बोर्डावर अठ्ठावीस वर्षं काढलेल्या ऑपरेटरताई मागे अंग चोरून बसल्या होत्या, पण कुतूहल गप्प बसू देईना.

"स्टोअरचे काका," त्या म्हणाल्या. बरोबर! "डिझाइनमधली चष्मेवाली." तेही बरोबर!

मग कुणीतरी लहानपणी झाडावरून पडल्याची गंमत सांगितली.

"मोठे साहेब," ताई म्हणाल्या आणि पुढचंही तोंडून निसटलं, "पण पंधरा दिवस आवाज खोल गेलाय त्यांचा. बरं नाही का?"

पडदा सरकला. "आई गेली माझी, ताई. इथं कुणाला बोललो नव्हतो."

एरवी साहेबांसमोर न बसणाऱ्या स्टोअरच्या काकांनी उठून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. जरा वेळाने साहेबच म्हणाले, "खेळ थांबवू नका. मिटा डोळे."

या वेळी हात ताईंच्या खांद्यावर पडला. पडद्यामागे त्यांनी फोनवरचा इस्त्री केलेला आवाज बाजूला ठेवला.

"अहो, गॅस बंद केलात का? मी नाही उठायची. जन्मभर मीच का बघायचं?"

हशा उसळला. "कॅन्टीनच्या मावशी!"

"मी इथंच आहे की!" मावशी म्हणाल्या.

"मग नवीन आलेली कुणीतरी?"

ताई कान देऊन उभ्या होत्या. आता कुणीतरी म्हणेल, आता म्हणेल.

"हरलो!"

त्या बाहेर आल्या तसं हसू विरलं. "रोज ऐकतो की तुम्हाला," चष्मेवाली पुटपुटली.

"मला कुठं ऐकता गं?" ताई हसल्या. "मी जोडून देते नि बाजूला होते."

सोमवारी सकाळी साहेब स्वतः खाली बोर्डापाशी आले.

"कुणाला जोडून देऊ, साहेब?"

"कुणालाच नको." त्यांनी खुर्ची ओढली. "तुमच्या घरी कोण कोण असतं, ताई?"

ताई एकेक करून सांगू लागल्या. बोर्डावर कुणाच्या तरी फोनचा दिवा लुकलुकायला लागला. त्यांनी तो पाहिला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला.