रिकामा ठेवलेला तास

"ताई, ते हलवू नका. आता नाही लागत हलवायला," नवा इंजिनिअर मागून म्हणाला.

ताईंचा हात माऊसवरच थांबला. समोर पडद्यावर पावाच्या कारखान्यातली रात्रीची कामं ओळीने लागली होती. माणूस नसताना कॉम्प्युटरने आपली आपण करायची कामं: पीठ मळायला घेणं, भट्ट्या पेटवणं. या थंड मुलखात दिवसाचा उजेड पुरता वापरायचा म्हणून वर्षातून दोनदा सगळ्या गावाची घड्याळं सरकारी नियमाने हलत. उन्हाळ्याच्या तोंडाशी एक तास पुढे, हिवाळ्याच्या तोंडाशी एक तास मागे, आणि तेही शनिवारची मध्यरात्र उलटून गेल्यावर. पुढे ढकललं की अडीच वाजतच नाहीत, भट्ट्या गार राहतात. मागे ओढलं की अडीच दोनदा वाजतात आणि मळलेल्या पिठावर पुन्हा पीठ पडतं. ताई नव्याने लागल्या तेव्हा एकदा तसं झालं होतं. कणकेचा गोळा फुगून दाराशी आला होता. तेव्हापासून त्यांनी नेमच केला: त्या रात्री दोन ते तीन हा तास रिकामा ठेवायचा, त्यातलं प्रत्येक काम हाताने उचलून दुसरीकडे न्यायचं.

"नव्या सिस्टीमला कळतं सगळं," इंजिनिअर म्हणाला. "उद्या रात्री घड्याळ मागे गेलं तरी काम एकदाच होणार. तुम्ही निवांत झोपा."

"झोपते की. पंचवीस वर्षांची बाकी आहे."

तो हसला. ताईही हसल्या, पण माऊसवरचा हात काही लगेच निघेना.

खरी काळजी कारखान्याची नव्हतीच. घरी यजमानांना अलीकडे काही आठवत नसे. लेकीचं नावसुद्धा कधी आठवे, कधी नाही. तरी भिंतीवरचं घड्याळ बघून ते एकट्याने दिवस काढत. एकला झाकलेलं जेवण, चारला चहा, सहाला खिडकीत बसायचं, कारण सहाला ताई येतात. मागच्या हिवाळ्यात ताईंनी घड्याळ एका रात्रीत तासभर मागे घेतलं. पण पोटाचं आणि उजेडाचं घड्याळ कोण फिरवणार? अंधार पडला, भूक लागली, बायको येईना. हिला काही झालं, असं धरून ते सपाता घालून रस्त्यावर निघाले. थेट नदीवरच्या पुलावर सापडले. लेक म्हणाली, "आई, पुन्हा असं झालं तर मी बाबांना वृद्धाश्रमात ठेवणार. तुझं काही ऐकणार नाही." ताईंनीही मान डोलावली होती.

म्हणून यंदा त्यांनी कामावरची रीत घरी आणली. यंत्राचं घड्याळ चुकलं तर एकदम फिरवत नाहीत, कळेल न कळेल असं सरकवतात. गेले दहा-बारा दिवस यजमान झोपले की त्या काटा पाच मिनिटं मागे घेत. शनिवारपर्यंत तास पुरा होणार होता, त्यांच्या नकळत.

त्या शुक्रवारी त्या घरी आल्या. पिशवी ठेवता ठेवता भिंतीकडे नजर गेली. त्यांच्या हिशेबाने घड्याळात आता नुकते पाच वाजून गेलेले असायला हवे होते. बरोबर सहा झाले होते.

कारखान्यात लावलेलं काम झालं की नाही हे त्या दोनदा बघत. घरी झोपेने जड झालेल्या डोळ्यांनी काटा ढकलला, की संपलं. तो तिथेच राहिला का, हे एकदाही पाहिलं नव्हतं.

"अहो, या घड्याळाला हात लावता का तुम्ही?"

"अगं, कामातून गेलंय ते," यजमान म्हणाले. त्यांच्या मनगटावर कपाटात पडलेलं जुनं घड्याळ होतं, चावी देऊन चालू केलेलं. "रोज पाच मिनिटं मागे. तू उठायच्या आत मी लावतो सारखं."

"मला नाही सांगितलंत ते?"

"तुला काय कमी व्याप आहेत? त्याच्यावर बघून निघतेस तू. बस चुकली म्हणजे?"

ताई खुर्चीत बसल्या. ज्या माणसाला दुपारी जेवलो की नाही हे सांगता येत नव्हतं, त्याने हे मात्र रोज न चुकता लक्षात ठेवलं होतं.

"बरं केलंत," त्या म्हणाल्या.

शनिवारी सकाळी त्या मॅनेजरसाहेबांपुढे उभ्या राहिल्या. बसमध्ये मनाशी सगळं घोकून आल्या होत्या: इतकी वर्षं, कधी काही मागितलं नाही, घरची अडचण.

"साहेब, घड्याळं बदलली की मी एक तास आधी येते आणि एक तास आधी जाते. थंडी संपेपर्यंत."

"चालेल की." साहेबांनी मान वर केली नाही. "आता तुमच्यावाचून तसं काही अडत नाही." मग त्यांनी वर पाहिलं. "म्हणजे, चांगल्या अर्थाने म्हणतोय, ताई."

"चांगल्याच अर्थाने घेतलं, साहेब."

घोकलेलं सगळं तोंडातच राहिलं.

रविवारी कोपऱ्यावरच्या दुकानात पाव आला होता. रोजच्यासारखाच, फुगलेला, वरून तांबूस. ताईंनी एक उचलला, अंगठ्याने दाबून पाहिला. दबला आणि परत वर आला.

"शिळा नाही हो, तुमच्याच कारखान्याचा आहे," दुकानदार म्हणाला.

"दिसतंय," ताई म्हणाल्या.

सोमवारी दुपारी चारला त्या कामावरून निघायला उठल्या तेव्हा बाकीच्यांचे चहाचे कप अजून टेबलावर होते. इंजिनिअरने हात हलवला. बाहेर ऊन नव्हतं, पण उजेड होता. बसमध्ये बसायला जागाही मिळाली.

यजमान खिडकीत होते. भिंतीवरच्या घड्याळाला ताईंनी शनिवारी रात्री हातच लावला नव्हता; तिथे सहा वाजले होते.

"आलीस वेळेवर," ते म्हणाले.

"आले."

त्यांनी चप्पल काढली, पिशवीतला मोबाइल काढून टेबलावर ठेवला. त्याच्या काचेवर पाच वाजले होते. ताईंनी तो पालथा घातला.

"कोणाचा फोन?"

"कोणाचा नाही," ताई म्हणाल्या, आणि कणीक मळायला आत गेल्या.