शाळा सोडल्याचे कारण

मोहिनी मॅडमनी कपाटातून जुनं रजिस्टर काढून टेबलावर ठेवलं आणि फडक्यानं झटकलं. निम्मी धूळ सोपानतात्यांच्या पांढऱ्या विजारीवर बसली. तात्यांनी ती पुसली नाही. साठ वर्षांनी शाळेत आलेल्या माणसानं एवढं तरी घरी न्यावं.

शेजारी भागुजी बसला होता. बाक चौथीच्या पोरांचा, त्यामुळे दोघांचेही गुडघे हनुवटीशी आले होते. मागे दोघांच्या नाती उभ्या. भागुजीच्या यशोधरेचा जनावरांच्या डॉक्टरकीला नंबर लागला होता. तात्यांच्या हर्षालीला फौजदार व्हायचं होतं. जातीच्या कागदपत्रांसाठी दोघींनाही आजोबांचा शाळेतला उतारा हवा होता. यशोधरेला तर आजच, नाहीतर जागा दुसऱ्याला. नातींना पुढं जायचं म्हणून सरकारनं आजोबांना मागं पाठवलं होतं.

"सापडंल ना, मॅडम?" भागुजीनं तिसऱ्यांदा विचारलं.

"ह्याचं नाव कशाला सापडतंय?" तात्या म्हणाले. "आमा दोघांत एक पाटी व्हती. एका बाजूला मी, एका बाजूला हा. चौथीत मास्तरांनी छडी उगारली, तर गड्यानं त्या खिडकीतनं उडी टाकली. थेट घोड नदीत. पुन्हा शाळेचं तोंड बघितलं न्हाई. लई भित्रा."

मुली हसल्या. भागुजीही हसला. लग्नात, दहाव्याला, पारगावच्या कारखान्यावर ऊस घेऊन जाताना तात्या हीच गोष्ट सांगत आले होते आणि भागुजी दर वेळी नेमक्या जागी हसत आला होता. खिडकी तेवढी दरवर्षी थोडी उंच व्हायची.

मॅडमचं बोट थांबलं. "सोपान रखमाजी. सातवी पास होऊन गेले."

तात्यांनी हर्षालीकडे बघत मिशी सारखी केली.

बोट एक ओळ खाली सरकलं. "हे घ्या. भागुजी बहिरू. जन्मतारीख, जात, सगळं आहे. चौथी. शाळा सोडल्याचे कारण, गुरे राखण्यासाठी."

"कुणाची गुरं, आजोबा?" यशोधरेनं विचारलं.

भागुजी चष्मा पुसू लागला. "व्हती कुनाची तरी. त्यातली तांबडी लई मारकी."

तांबडी तात्यांच्याच गोठ्यातली. तिच्या दुधावर ते सातवीपर्यंत गेले होते. भागुजी शाळेतून पळाला म्हणून तात्यांच्या वडलांनी त्याला गुरांमागं ठेवून घेतलं, असं घरात सांगायचे. तात्यांनी मान वळवून खिडकीकडे पाहिलं. खिडकीला गज होते. भिंतीइतकेच जुने.

उतारे मिळाले. नाती स्कूटीवरून घोडेगावच्या कचेरीकडे गेल्या आणि दोघं शाळेसमोरच्या टपरीवर चहाला बसले.

"आज दोघं शाळंत," टपरीवाला भरत म्हणाला. "तात्या, मग खिडकीची गोष्ट होऊन जाऊ द्या."

बाकावरच्या दोन-तीन गिऱ्हाइकांनी कान टवकारले. तात्यांनी बशीत चहा ओतला. ओततच राहिले. चहा बशीबाहेर सांडला.

भागुजीनं खाकरून घसा साफ केला.

"मी सांगतो, राव. चौथीत व्हतो मी. मास्तरांनी छडी उगारली..."

खिडकी त्यानं तात्यांपेक्षाही हातभर उंच केली. नदीपर्यंत आला. मग हसायच्या जागी तो थांबला आणि तात्यांची वाट पाहू लागला.