शेवंडांची पिंपं

“हे काय?” अन्सेल्मोकाकांनी होडीतल्या यंत्राच्या पडद्यावरच्या पांढऱ्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

“पिंप,” मी म्हटलं.

“आणि हे?”

“तेही पिंपच, काका.”

त्यांचा मुलगा वाल्दिर होडीसकट बुडाला त्याला महिना होत आला होता. ओतीलियाकाकू चर्चमध्ये त्याच्या आत्म्याच्या शांतीची मिस्सा करू देत नव्हत्या. पोरगा सापडल्याशिवाय तो गेला असं त्या म्हणणार नव्हत्या, आणि काकांना घरात मान वर करून त्यांच्याकडे बघवत नव्हतं. म्हणून समुद्राचा तळ धुंडाळायचं यंत्र मी बंदरातल्या साहेबांच्या हातापाया पडून आणलं होतं.

हे यंत्र पाण्यात आवाज सोडतं. सपाट वाळूवरून तो पुढे निसटून जातो, पडदा काळा राहतो. टणक काही लागलं की आवाज चहूकडे विखुरतो, त्यातला थोडा माघारी येतो आणि ठिपका उमटतो. पण आमच्या सिआराच्या उथळ किनाऱ्यावर तळ सपाट राहिलाय कुठे? शेवंडांनी आसऱ्याला यावं म्हणून गावात ज्याने त्याने बापाच्या काळापासून आपापली लोखंडी पिंपं बुडवलेली. पडदा पीठ सांडल्यासारखा दिसत होता. त्यातली होडी ओळखायची तर आधी कोणाचं पिंप कुठे आहे ते कळायला हवं, आणि आपली जागा इथे भाऊ भावाला सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी होड्या किनाऱ्याला लागल्या तेव्हा काका सगळ्यांसमोर उभे राहिले आणि आपल्या जागा मोठ्याने सांगून टाकल्या. स्वतःच्याच पोटावर पाय दिला म्हाताऱ्याने. लोक खाली मान घालून सापळे धूत राहिले. शेवटी जुरांदिर उठला. काका आपली शेवंडं चोरतात या त्याच्या संशयावरून त्याचं नि काकांचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. तो माझ्या होडीत येऊन बसला, मग बाकीचेही आले.

ज्याने त्याने आपलं पिंप ओळखावं, मी ते पडद्यावरून पुसावं, असं चाललं. दिवस कलला तेव्हा एकच ठिपका उरला होता.

“हे कोणाचं?” मी विचारलं.

काका प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होते, कोणीतरी हो म्हणावं म्हणून. महिनाभर ज्यासाठी जीव टाकला, ते आता त्यांना नको होतं. मला ते बघवेना.

“माझं असेल,” जुरांदिर म्हणाला. “टाकून विसरलो असेन.”

काकांनी मान हलवली. “तुझं नाही रे. तुझी सगळी मला ठाऊक आहेत. मीच रिकामी करायचो.”

“माहीत आहे,” जुरांदिर म्हणाला, आणि त्यांच्या शेजारी सरकून बसला.