कढत पाणी ओतण्याआधी

मी बैठकीच्या खोलीतला गालिचा बोलतोय. लोकरीचा, हाताने गाठी मारून विणलेला, मध्ये लाल आणि कडेने पांढरा. विणणाऱ्यांनी माझ्यापायी डोळे शिणवले. या घरात आल्यावर मात्र माझं काम एकच, पडून राहायचं आणि तुडवून घ्यायचं. तक्रार नाही. घरातल्यांचा माझ्यावर जीव आहे. त्या जिवापोटीच बाबा मला कठड्यावर टाकून काठीने झोडपतात.

यंदा घरात सून आली. ती गालिचे धुण्याच्या कारखान्यात कामाला होती, त्याचं रीतसर प्रशिक्षण घेतलेली. धाकट्या दिराला याचं भारी हसू. वहिनी, फरशी पुसायचंही सर्टिफिकेट मिळतं का, असं तो जेवताना विचारायचा. ती नुसती हसायची. पण आल्या आल्या तिने वाकून माझा कोपरा उलटला आणि पाठीवरच्या गाठी बोटांनी चाचपल्या. इतक्या वर्षांत माझी पाठ कोणी अशी निरखून पाहिलीच नव्हती.

एका रविवारी याच दिराच्या हातून कॉफीचा मग माझ्यावर पालथा झाला. सगळं घर धावलं. बाबा पायपुसणं घेऊन घासू लागले. दिराने मीठ ओतलं, का तर मोबाइलवरच्या व्हिडिओत कोणीतरी ओतलं होतं. आईंना वेगळीच घाई. दुसऱ्या दिवशी बाबांचे साहेब घरी यायचे होते.

सून म्हणाली, घासू नका, टिपून घ्या. तिचं बोलणं इतकं हळू, की ऐकू आलं नाही असं कोणालाही सोयीने म्हणता येतं. मग तिने पांढरा रुमाल ओला करून माझ्या लाल भागावर दाबला. रुमाल लाल झाला. तो तिने आईंपुढे धरला.

"आई, याचा रंग सुटतोय. गार पाण्याने थोडं थोडं करावं लागेल. उद्यापर्यंत नाही होणार."

"अगं, लोकरच ना? स्वेटर नाही का धूत आपण?"

"रंग जाईल, आई."

"गेला तर जाऊ दे. डाग तरी जाईल."

ती नवी, मी मुका. मला मोरीत पसरलं, पावडर टाकली आणि कढत पाणी ओतलं. दारात उभ्या सुनेने डोळे मिटून घेतले. मला तीही सोय नव्हती.

आता माझी पांढरी कड गुलाबी झालीय. अंग आक्रसलंय, कोपरे वर वळलेत. साहेब येताना त्यांनाच अडखळले. डाग होता तिथेच आहे.

साहेब गेल्यावर सगळे माझ्याभोवती उभे राहिले. दिराने मोबाइल खिशात घातला. आई सुनेकडे वळल्या.

"तू शिकलीयेस ना यातलं? सांग, आता काय करायचं?"

ती गुडघ्यांवर बसली. माझ्या कडक झालेल्या लोकरीवरून तिने बराच वेळ हात फिरवला.

तुमच्याही घरी माझं एखादं भावंड असेल. त्याच्यावर काही सांडलं, तर ज्याला कळतं त्याला आधी विचारा. नंतर विचारलंत, तर तो नुसता हात फिरवू शकतो.