वाकला म्हणून लागला

मित्रांनो, मी एक जुना लाकडी बाण आहे आणि पहिल्या दमातच कबूल करून टाकतो, मी वाकतो. माणूस वाकला तर त्याला नम्र म्हणतात, बाण वाकला तर त्याला कुचकामी म्हणतात. माझ्या आयुष्याचे सुरुवातीचे दिवस या एका शब्दाखाली गेले. पण देवाच्या घरी वाकणाऱ्यालाही जागा असते. ती मला कशी मिळाली, ते निवांत बसून ऐका.

माझा जन्म एका सुताराच्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत झाला. खोलीला एकच खिडकी. तिच्याखाली लांब टेबल, टेबलावर रंधा, कानशी आणि सरसाचे भांडे. त्या सुताराला सगळे बाबा म्हणत. दारे-खिडक्या ते पोटासाठी करीत आणि धनुष्ये मनासाठी. मधे मोठे आजारपण आले. त्यातून ते उठले, पण हात थरथरू लागले. दोन वर्षे त्यांनी धनुष्याला हात लावला नाही. शेवटी लेकीने हट्ट धरला. ही लेक सायकलवरून टपाल वाटायची आणि सुटीच्या दिवशी मैदानात नेम धरायची. बाबांनी तिच्यासाठी एक धनुष्य केले आणि सांगून टाकले, "हे नीट चाललं तर चाललं. नाहीतर हत्यारं बांधून माळ्यावर टाकतो. हात गेले म्हणायचे."

मित्रांनो, ही नुसती बोलण्याची गोष्ट नव्हती. हत्यारे बांधायची दोरी त्यांनी खिळ्याला अडकवूनही ठेवली होती.

त्या धनुष्यासाठी एकाच फळीतून आम्ही बारा भाऊ निघालो. चौकोनी काड्या कापल्या, रंध्याने कोपरे उतरवले, मग पॉलिश पेपरच्या घडीत धरून फिरवत फिरवत गोल केले. कुणी वाकडा निघाला की त्याला किटलीच्या वाफेवर धरायचे आणि तळव्याने दाबून सरळ करायचे. मागे दोरीसाठी खाच, पुढे लोखंडी टोक. पिसे चिकटवायचे काम आत्याचे. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. ओठांवर सदा देवाचे एखादे पद आणि दोन ओळींच्या मधे श्वास घेता घेता भावाला एक टोमणा.

मी बारावा. फळीच्या कडेला लाकूड कमी पडले, म्हणून मी जरा बारीक झालो. बाबांनी माझी दोन्ही टोके धरून मला वाकवले आणि तोंड वाकडे केले.

"हा बाण नाही, गवताची काडी आहे. याला कशाला पिसं लावतेस?"

"देवानं बारा दिले, मी बाराही सजवणार," आत्या म्हणाली. "तुला नको तर माझ्या टोमॅटोला आधार होईल."

तसेच झाले. माझे अकरा ताठ भाऊ भात्यात गेले आणि मी पिसांसकट कुंडीत. टोमॅटोचे रोप माझ्या कमरेला चिंधीने बांधले होते. तिथून मला परसातले सगळे दिसे, आणि जे दिसे ते पाहवत नसे.

लेक नेम धरी मधोमध, बाण जाई डावीकडे. पहिल्या दिवशी वीतभर. बाबा म्हणाले, "धनुष्यच चुकलंय. माझा हात चुकला." त्यांनी धनुष्य थोडे तासले. दुसऱ्या दिवशी बाण दीड वीत डावीकडे. पुन्हा तासले. तिसऱ्यांदाही तासले, तेव्हा बाण गवताचे लक्ष्य सोडून थेट डावीकडच्या भिंतीवर आपटू लागले. सहा भाऊ माझ्या डोळ्यांदेखत मोडले. प्रत्येक वेळी बाबा बाणाकडे नाही, स्वतःच्या हातांकडे बघत.

लेकीचा तिरंदाजीचा सामना रविवारी होता. गुरुवारी संध्याकाळी बाबांनी चौथ्यांदा तासणी उचलली.

लेक सायकल टेकवतच ओरडली, "थांबा बाबा! अजून तासलंत तर हे पतंगाची कामटी होईल. आधी एकदा मारू दे मला."

पण बाण होते कुठे? उरलेले पाचही भाऊ पिसे दुरुस्त करायला आत्याकडे, सरस ओला. लेकीने इकडेतिकडे पाहिले आणि कुंडीतून मला उपटले.

"माझा टोमॅटो!" स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत्या कडाडली.

"दोन मिनिटं आत्या, रोपाला हातानं धर."

मातीसकट मी दोरीवर चढलो. मित्रांनो, त्या क्षणाचे वर्णन मी नीट करतो, कारण सगळे मर्म तिथेच आहे. धनुष्याची मूठ मधोमध असते आणि बाणाला तिच्या बाजूने जावे लागते. दोरी मात्र आम्हा बाणांना सरळ त्या मुठीकडेच ढकलते. माझे भाऊ ताठ. ते मुठीला रेटत गेले आणि डावीकडे फेकले गेले. मला दोरीचा धक्का बसला आणि मी वाकलो. एकदा आत, एकदा बाहेर, मासोळीसारखा. मुठीला वळसा घालून मी पलीकडे गेलो, तिथे सरळ झालो आणि लक्ष्याच्या मधोमधच्या पिवळ्या गोलात जाऊन बसलो.

बाबा म्हणाले, "चुकून लागला."

लेकीने पुन्हा मारले. पुन्हा पिवळ्यात. "वारा असेल," बाबा म्हणाले. तिसऱ्यांदा लागलो तेव्हा त्यांनी तासणी खाली ठेवली.

लेकीने दोन विटा समोरासमोर ठेवल्या, त्यांवर मला आडवे ठेवले आणि मधोमध किलोचे वजन टांगले. मी बोटभर झुकलो. मग एका भावाला ठेवले. तो जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा हलला.

"बघा बाबा. धनुष्यात दोष नव्हताच. बाण ताठ होते. तुम्ही धनुष्य तासून मऊ केलंत, तसे ते त्याला आणखीच ताठ पडत गेले."

बाबा स्टुलावर बसले. "म्हणजे तीनदा मी बिनदोषाच्या धनुष्याला सोललं?"

"लहानपणापासून हेच," आत्या म्हणाली. तिने अजून रोप धरलेलेच होते. "दार अडकलं की दार तासायचं. चौकट कधी तपासायची नाही!"

बाबांना हसू आले. कित्येक महिन्यांनी आले.

शुक्रवार आणि शनिवार त्या खोलीत नुसती धांदल. बाबा एकेका भावाला पॉलिश पेपरने मधल्या भागात घासत. तीस हात मारायचे, विटांवर ठेवायचे, वजन टांगायचे, मग परसात जाऊन मारून बघायचा. लेक म्हणाली, आधी पिसे काढून मारू. आत्या भडकली.

"माझी पिसं उपटणार?"

"पिसं असली की बाणाची चूक झाकली जाते, आत्या."

"मग एक जोडी तुझ्या बापाला लावते. फार चुका उघड्या पडल्यात बिचाऱ्याच्या!"

पण तिनेच ती अलगद सोडवली आणि नंतर पुन्हा गात गात चिकटवली. पहिला भाऊ आधी भिंतीकडेच जाई; घासल्यावर चार बोटे डावीकडे; आणखी घासल्यावर सरळ. एकाला बाबांनी जास्तच घासले, तर तो उजवीकडे पळू लागला. मग त्याचे टोक काढून, दोन बोटे लांबी कापून, टोक पुन्हा बसवले, तेव्हा तो शुद्धीवर आला. आखूड केला की बाण ताठ होतो, हे मला तेव्हा कळले. शनिवारी मावळतीला आम्ही सहाही जण विटांवर सारखेच झुकलो. बाबांचे हात थरथरत होते, पण पॉलिश पेपरला त्याचे काय! कुठे थांबायचे, ते त्या हातांना अजून कळत होते.

रविवारी मैदानात चकचकीत धनुष्यांची रांग लागली होती. शेजारच्या रांगेतला पगडी घातलेला एक मिशीवाला गमतीने म्हणाला, "ताई, ही कपडे वाळत घालायची काठी का?"

"हो," आत्या म्हणाली. "तुमची पगडी वाळत घालू आज."

लेकीच्या वाट्याला सहा बाण. बाबांना लांबचे दिसत नसे, म्हणून ते बाकावर मान खाली घालून बसले. पहिला भाऊ सुटला.

"डावीकडे?" बाबांनी विचारले.

"नाही रे दादा," शेजारून आत्या म्हणाली.

दुसरा सुटला. "डावीकडे?"

"नाही."

तिसरा, चौथा, तोच प्रश्न. पाचव्याला आत्याचा संयम सुटला. "डावीकडे तू बसलायस! बाण जिथे जायला हवा तिथे गेलाय!"

सहावा मी. लेकीने श्वास रोखला, दोरी गालाशी आणली, सोडली. मी वाकलो, वळलो, सरळ झालो. भावांच्या मधे जेवढी फट उरली होती तेवढीत शिरलो. माझे पीस एकाच्या पिसाला घासले, इतकी दाटी!

टाळ्यांचा पाऊस पडला. लेकीचा पहिला नंबर पुकारला गेला, पण बाबा तिकडे वळलेच नाहीत. ते काठी टेकत लक्ष्यापाशी आले, डोळे बारीक केले आणि हात पुढे केला. सहाही बाण त्यांच्या एका मुठीत मावले. मूठ थरथरत होती, पण मित्रांनो, ती गच्च होती.

मिशीवाला मागून आला. आता त्याचा आवाज खाली होता. "बाबा, मला असं धनुष्य करून द्याल?"

बाबांनी मूठ सोडली नाही. "देईन. पण धनुष्य न्यायला आलात की चार दिवस राहावं लागेल. बाण जुळवल्याशिवाय मी धनुष्य दाराबाहेर जाऊ देत नाही."

त्यानंतर बाबांनी किती धनुष्ये केली, याची मोजदाद मला नाही. माझे टोक दोनदा बदलले, पिसे चारदा. मी म्हातारा झालो, पण अजून मैदानात जातो.

मित्रांनो, आम्हा लाकडी बाणांना ओलीत टाकू नका, भिंतीला तिरके टेकवून ठेवू नका. आम्ही वाकडे होतो. आणि काही बिघडले तर हाती लागेल त्यालाच तासायला बसू नका. आधी सगळे एकदा विटांवर ठेवून बघा. तासलेले लाकूड परत चिकटत नाही. आणि ज्याला तुम्ही काडी म्हणालात, त्यालाही एकदा तरी दोरीवर चढवून बघा.