उजवीकडचा बुश

डावीकडचा बुश दोन-चार ठोक्यांत निमूट बाहेर आला, तेव्हाच फिटरला शंका यायला हवी होती. उजवीकडचा जागचा हलेना. मागच्या चाकावरचा लांब पोलादी पाटा गाडीखालून सोडवून त्यानं टेबलावरच्या व्हाइसमध्ये पकडला होता. पाट्याच्या टोकाला गोल डोळा, डोळ्यात पोलादी नळी, नळीत रबर; हाच तो बुश. डोळ्यानं आणि नळीनं गंजून अशी गट्टी केली होती की तेल पाजून झालं, ठोकून झालं, भाजून झालं, रबराचा काळा धूर गॅरेजभर झाला, तरी नळी ढिम्म.

"अहो, घर पेटवलंत की काय?" बायको दारातून ओरडली.

"अजून नाही," तो म्हणाला.

गाडी त्यांच्या लग्नाच्याही आधीची. धाकटी उद्या सकाळी तीच घेऊन नोकरीच्या गावी निघणार होती. थोरला केव्हाच लांब जाऊन स्थिरावला होता; आता घरात दोघंच उरणार. मागून खडखड ऐकू येते, असं म्हणून हे काम फिटरनंच काढलं होतं. खडखड होती, खोटं नव्हतं. पण ती गेल्या वर्षापासून होती आणि मुहूर्त त्याला आजच सापडला होता.

सकाळपासून त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. हातात पाना धरून तो पाना शोधत होता. मध्येच हात पुसून फाटकापर्यंत जायचा, परत यायचा. बुश निघाला नाही तर गाडी निघणार नाही आणि पोरगी आणखी थोडे दिवस राहील, असं मनात आलं आणि त्याची त्यालाच लाज वाटली. त्या लाजेपोटी त्यानं आणखी जोरात हातोडा हाणला आणि बोट चेचून घेतलं.

"ठोकताय कशाला? कापा ना," धाकटी बाह्या सरसावत आत आली.

"पाट्यावर चरा गेला तर वाटेत तुटेल."

"मग मी कापते. एक बोट आधीच चेचून घेतलंत तुम्ही."

हे त्याला चांगलंच झोंबलं, पण खरं होतं. हॅकसॉचं पातं नळीत घालून ती आतून कापू लागली. तो तिच्या खांद्यावरून डोकावत राहिला.

"हळू."

"हळूच करतेय."

"पाट्याला लागेल."

"बाबा, तुम्ही जरा बाहेर चक्कर मारून या बरं!"

तो गेला आणि लगेच परत आला. तोवर नळीला फट पडली होती. तिनं छिन्नी लावली, एक हलका ठोका दिला, नळी दुमडली आणि खाली पडली. पाट्यावर ओरखडाही नव्हता.

"शाबास," तो म्हणाला, आणि मनातून खट्टू झाला.

नवे बुश व्हाइसनंच दाबून बसवले. पाटे गाडीखाली चढवले, चाकं लावली. त्यानं बुशमधल्या बोल्टला पाना घातला.

"बाबा! गाडी हवेत आहे!"

चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळला, तर रबर भलत्याच जागी पकडलं जातं आणि गाडी खाली आली की पिळवटून फाटतं. हे तिला त्यानंच शिकवलं होतं.

"लक्ष नव्हतं," तो पुटपुटला.

चाकांखाली जाड लाकडी ठोकळे सरकवून त्यांनी गाडी त्यांवर उतरवली. तो पाठीवर सरकत खाली गेला आणि सवयीनं हाक मारली, "अगं, ये गं, बस मागे!" गाडी जेवढं वजन घेऊन धावते, तेवढं तिच्यावर ठेवूनच तो शेवटचा बोल्ट आवळायचा. म्हणून दर वेळी सगळ्या घराला आत बसवायचा. पोरं मागे भांडायची, गाडी हलायची, आणि तो खालून शिव्या घालायचा.

बायको पदराला हात पुसत आली. तिनं मागचं दार उघडलं.

"आई, थांब," धाकटी म्हणाली. मग वाकून गाडीखाली बघत हळूच म्हणाली, "बाबा, मागे कोणी नसणार आहे. मी एकटीच असेन."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. धाकटी सरळ झाली होती, गाडीखाली बघणारं आता कोणी नव्हतं, म्हणून त्यानं ते येऊ दिलं. बायकोची पावलं दाराशी तशीच थांबली होती.

"बरोबर आहे तुझं," तो शेवटी म्हणाला. "पुढे बस. दार लावून घे."

दार लागलं. पाटा जेमतेम दबला. हे एवढंच वजन, त्याच्या मनात आलं. त्यानं पाना लावला आणि त्या एकटीच्या वजनावर बोल्ट पक्का आवळला.